बारा पावलांची फट

तिसऱ्यांदा कूड उपटलेली दिसली तेव्हा निबियाच्या तोंडून शिवीसुद्धा निघाली नाही. पहिल्या वेळी तिने मनसोक्त शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्या वेळी आकाशाकडे बघून हात हलवले होते. आता ती नुसती उभी राहिली. खांद्यावरची पहार वाळूत रोवली आणि खुंटांची रिकामी भोकं मोजली. चौदा. काल दुपारी तिने आणि तिच्या नवऱ्याने, आदेमारने, चौदा खुंट हातभर खोल ठोकले होते, त्यांत अकेशियाच्या, बाभळीच्या जातीतल्या त्या काटेरी झाडाच्या, फांद्या खालवर विणून तारेने आवळल्या होत्या. त्या फांद्या आता वर, समुद्राकडच्या घराच्या मालकीण बाई आरोसेनांच्या अंगणात, मांस भाजायच्या चुलीशेजारी नीट रचून ठेवलेल्या दिसत होत्या.

"अकेशिया धूर फार करतं," आदेमार गाडीवरून न उतरताच म्हणाला. "मांसाला कडवट वास लागतो. त्यांनाच कळेल."

"तू गप्प बस."

"मी कुठं काय म्हणालो?"

घोडी, मिलोंगा, शेपूट हलवत उभी होती. गाडीत आजच्या फांद्यांची खेप होती. ती आज पुढच्या घरासमोर लागायची होती. आता ती इथंच खपणार होती. निबियाने हातमोजे चढवले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं आणि त्यातून काटा शिरून नखाखाली गेले चार दिवस ठणकत होतं.

"उतर," ती म्हणाली. "चौदा खुंट."

पुंता गार्सा म्हणजे तीनशे घरांचं गाव. हिवाळ्यात त्यातल्या साठेक घरांच्या धुराड्यांतून धूर निघतो. ते साठ इथलेच: पावभट्टीवाला, शाळेतल्या बाया, गवंडी, दोन-चार मच्छीमार, पेन्शनीतली माणसं. बाकीची घरं उन्हाळ्यात उघडतात, इथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. समुद्राला तोंड करून उभी असलेली पहिली ओळ सगळी राजधानीतल्या, मोंतेविदेओवाल्यांची. मागच्या ऑगस्टात आग्नेयेचा वारा तीन दिवस सुटला आणि समुद्राने पुढचं टेकाड सुरीने कापावं तसं कापून नेलं. पहिल्या ओळीतल्या घरांचे लाकडी जिने हवेत लोंबायला लागले. वाळूचं हे टेकाड गेलं तर गावाला दुसरा बांध नव्हता. मागची गल्ली टेकाडाच्या पायथ्यापेक्षाही खाली होती.

तेव्हा गावाची नगराध्यक्षा सुल्मा हिने कामाची यादी काढली. सुल्मा पूर्वी भट्टी चालवायची आणि अजूनही बोलताना हात पिठात असल्यासारखे अंगापासून लांब धरायची. विद्यापीठातली एक बाई येऊन दाखवून गेली, की दगडी भिंत बांधू नका, भिंतीशी लाट भांडते आणि वाळू ओढून नेते. फांद्यांची कूड घाला. वारा कुडीतून जाताना दमतो आणि हातातली वाळू टाकून जातो. पाचशे पावलांची कूड डिसेंबरच्या सुट्ट्यांआधी उभी करायची होती. पुळणीवर ट्रक चालत नाही, म्हणून आदेमारची घोडागाडी आली, आणि आदेमारच्या गुडघ्याने दगा दिलेला, म्हणून निबिया आली. आठवड्यातून तीन दिवस पालिकेचे दोन गडी मदतीला यायचे. उरलेले दिवस नवराबायको दोघंच.

पहिल्या दिवशी निबियाला हे सगळं पोरखेळ वाटलं होतं. तीन आठवड्यांनी कुडीच्या मागे गुडघाभर वाळू साचली, तेव्हा ती एकटीच जाऊन तिच्यावर बसून आली. कुणाला सांगितलं नाही.

आता त्या पाचशे पावलांतली बारा पावलं, बाई आरोसेनांच्या गच्चीसमोरची, दर शुक्रवारी गायब होत होती.

सोमवारी ती पालिकेत गेली. सुल्माने तिला खुर्ची दिली, माटेचा, त्या कडवट हिरव्या चहाचा, तुंबा भरून दिला आणि नळी तोंडाला लागायच्या आत सांगून टाकलं, "कूड माझी, निबिया. कूड ज्यावर उभी आहे ते टेकाड माझं नाही. ते जिल्ह्याचं."

निबियाने तिथूनच जिल्ह्याला फोन लावला. जिल्ह्यातला माणूस म्हणाला, टेकाड म्हणजे पर्यावरण खातं. पर्यावरणवाल्याने विचारलं, "उपटलेली कूड भरतीच्या रेषेच्या वर होती की खाली?"

"कूड होती तिथं होती."

"खाली असेल तर बंदरवाल्यांकडे जावं लागेल. फोटो आहेत?"

"कशाचे, भोकांचे?"

"आधीचा एक आणि नंतरचा एक."

"आधी मी काम करत होते," निबिया म्हणाली. "फोटो काढायला तिसरा हात नव्हता."

चार दिवसांनी बंदर खात्याचा एक जवान मोटारसायकलवरून आला. पोरगा सभ्य होता, टोपी काढून बोलला. तो नेमका ताज्या साचलेल्या वाळूवर चढून उभा राहिला आणि त्याच्या बुटांखाली तीन आठवड्यांचं काम ढासळत खाली आलं. त्याने त्या सकाळी पुन्हा रिकामी झालेली भोकं पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं, मग मिलोंगाकडे बोट केलं.

"पुळणीवर जनावर आणायला बंदी आहे. परवाना आहे का?"

आदेमारने तोंड फिरवलं. तो हसतोय हे निबियाला त्याच्या मानेवरून कळलं आणि तिचा संताप दुप्पट झाला.

"परवाना सुल्माकडे आहे."

"आणि अकेशिया तोडायचा?"

"तोही सुल्माकडे."

"मग मी सुल्माबाईंना भेटतो," जवान म्हणाला आणि टेकाडावरून दुसऱ्या बाजूने, उरलेलं काम ढासळवत, खाली उतरला.

त्याच शनिवारी बाई आरोसेना स्वतः पुळणीवर आल्या. साठीच्या, पांढरी सुती विजार, डोळ्यांवर काळा चष्मा. निबिया गुडघ्यांवर बसून तार आवळत होती. ती उठली नाही.

"निबिया, तुझ्यावर माझा राग नाही," बाई म्हणाल्या. "तू सांगितलेलं काम करतेस."

"मग फांद्या कशाला उपटता?"

"मी नाही उपटत. माळी उपटतो."

"माळ्याला कोण सांगतं?"

बाईंनी चष्मा काढला. डोळे रडून सुजल्यासारखे होते. त्यांच्याकडे असं पाहायची वेळ निबियावर कधी आली नव्हती. "डॉक्टर गेले तेव्हा शेवटचे पाच महिने इथंच होते. त्या खुर्चीत. बोलता येत नव्हतं, समुद्राकडे बघायचे. तिथं बसलं की मला अजून त्यांच्या शेजारी बसल्यासारखं होतं. तुझी ही वाळू चढत चढत गच्चीएवढी होईल. मग मी काय बघू, फांद्या?"

बाईंचे यजमान, डॉक्टर, निबियाला आठवत होते. चांगला माणूस होता, भट्टीवर रांगेत उभा राहायचा. तिने तारेला आणखी एक पीळ दिला.

"बाई, वाळू चढली नाही तर समुद्रच गच्चीवर येईल. मग खुर्चीसकट बघा."

बाईंचा चेहरा बंद झाला. त्यांनी चष्मा परत घातला आणि गेल्या. त्या थेट वर गेल्या, जिथं निबियाची मुलगी यानेला त्यांच्या खिडक्यांच्या काचा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. पावसात कूड विणता येत नाही, फांद्या हातातून निसटतात, म्हणून तिघंही घरी होती. निबिया चरबीत पुऱ्या तळत होती. पाऊस म्हणजे पुऱ्या, हे त्या किनाऱ्यावर कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आदेमारने पाय ओट्याशेजारच्या शेगडीकडे करून गुडघा शेकायला ठेवला होता. यानेला टेबलाशी बसली होती. तिने एकही पुरी उचलली नव्हती.

"बाई काय म्हणाल्या?" निबियाने पाठमोरीच विचारलं.

"म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, माझ्यासमोर बारा पावलं सोडून दे. पाचशेतली बारा. बाकी काही करा."

"आणि नाही सोडली तर?"

"तसं काही म्हणाल्या नाहीत."

"मग?"

"आई, त्यांना म्हणावं लागत नाही." यानेलाने टेबलावर सांडलेली साखर बोटाने गोळा करायला सुरुवात केली. "चार घरं मला त्यांच्या शब्दावर मिळालीत. किल्ल्या माझ्याकडे असतात. हिवाळाभर चार घरं. मी पुढच्या वर्षी नर्सिंगला गेले तर कामाची वेळ बदलून देऊ म्हणाल्या. कोण देतं असं? आणि तू त्यांना म्हणतेस, समुद्र खुर्चीसकट बघा."

"खरं तेच म्हणाले."

"खरं बोलायला तुझ्या बापाचं काय जातं? काम माझं जातं."

निबियाने पुरी उलटली. ती जास्तच तांबूस झाली होती. "आदेमार, तू काहीतरी बोल."

"मगाशी मला गप्प बस म्हणालीस."

"ते आठ दिवसांपूर्वी."

आदेमारने गुडघा चोळला. "पोरीचं काम जाता कामा नये," तो म्हणाला. "पण फट ठेवायची म्हणजे तोंड ठेवायचं. वाऱ्याला तेवढंच लागतं. मी तिशीत असताना पुळणीवरून वाळू भरायचो ना, गाडीच्या चाकोरीने टेकाडात एक खाच पडली होती. दोन हिवाळ्यांत त्या खाचेतून ट्रक जाईल एवढी वाट झाली. वाळू मी नेली त्याच्या दसपट वाऱ्याने नेली."

त्याने वाळू वाहून विकली होती हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. निम्म्या घरांच्या भिंतींत ती होती. त्या काळी तो गुन्हा नव्हता. कुणाला तसं वाटलंही नव्हतं.

"बारा पावलं," यानेला हळूच म्हणाली. "आई, पाचशेतली बारा."

सोमवारी निबियाने बाई आरोसेनांच्या घरासमोरचे पुन्हा ठोकलेले खुंट स्वतःच्या हाताने काढले. कुडीची दोन्ही टोकं तिने मागे वळवून घट्ट बांधली, दुहेरी तार लावली, जणू त्याने फट लहान होणार होती. मग पावलं मोजली. बारा भरली. वरून माळी बघत होता. त्याने हात हलवला, ओळखीच्या माणसाला हलवावा तसा. निबियाने हलवला नाही. त्या दिवशी तिची कंबर धरली, आणि आदेमारने गाडीत फांद्यांवर बसवून तिला घरी नेलं.

सुल्माला तिने सांगितलं नाही. सुल्माने विचारलं, "त्या बाईचा प्रश्न मिटला का?" तेव्हा निबिया म्हणाली, "मिटला."

नोव्हेंबरच्या मध्यावर आग्नेयेचा वारा पुन्हा आला. इतक्या उशिरा तो येत नाही, पण आला. पहिल्या दिवशी दुपारी आभाळ शिशासारखं झालं आणि समुद्र तपकिरी. निबिया आणि आदेमार पुळणीवर गेले आणि खुंटाला बांधलेली दोरी धरून टेकाडामागे उभे राहिले. बोललेलं ऐकू येत नव्हतं. लाटा कुडीपर्यंत येत होत्या, फांद्यांत शिरत होत्या आणि फेस टाकून परत जात होत्या. दोन ठिकाणी खुंट कलले. पण मागची वाळू, ती गुडघाभर वाळू, बसून राहिली. मग निबियाने उजवीकडे पाहिलं.

बारा पावलांतून पाणी आत येत होतं. ते दोन्ही बाजूंच्या कुडींवरून घसरून त्या एकाच जागी गोळा होत होतं आणि नळीतून दाबल्यासारखं सुटत होतं. बाईंचा लाकडी जिना आधीच गेला होता. गच्चीच्या एका कोपऱ्याखालची वाळू सरकत होती. पण पाणी तिथं थांबलं नव्हतं. घराच्या कुशीतून ते मागच्या गल्लीत उतरत होतं.

मागच्या गल्लीत फ्लोरेआल मास्तरांचं घर होतं. एक्याऐंशी वर्षांचे, एकटे. निबियाला अक्षर ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं, गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनीच. त्यांच्या परसात चाळीस वर्षांची बाग होती, टोमॅटो, पालक, लिंबाची दोन झाडं आणि एक विहीर. निबिया पोचली तेव्हा मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत वळवून फावड्याने दारात मातीचा बांध घालत होते. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं.

"आत चला, मास्तर."

"आत पण हेच आहे," मास्तर म्हणाले. "पुस्तकं माळ्यावर टाकलीत. तू विहीर बघ, पोरी. विहिरीचं झाकण कुठं गेलं?"

झाकण लिंबाखाली तरंगत होतं. विहिरीच्या कठड्यावरून फेसाळ पाणी संथपणे आत उतरत होतं, घाई नसल्यासारखं. निबियाने झाकण ओढून आणलं, त्यावर स्वतः बसली. त्याने काही होणार नव्हतं हे तिला समजत होतं. आदेमार मिलोंगाला घेऊन येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, मास्तर दारात फावडं मारत राहिले आणि पाणी त्या दोघांमधून वाहत राहिलं.

वारा दोन दिवसांनी पडला. मास्तरांच्या बागेत आठवड्याच्या आत सगळी पानं कडेने जळाल्यासारखी तपकिरी झाली. विहिरीचं पाणी त्यांनी चाखून पाहिलं आणि बादली शांतपणे पालथी केली. पालिकेचा पाण्याचा टँकर दिवसाआड यायला लागला. मास्तर दोन डबे घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि कुणी डबा उचलू लागला तर रागवायचे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये सभा भरली. पन्नासेक माणसं आली, माटेच्या गरम पाण्याचे थर्मास काखेत मारून. बाई आरोसेना खास मोंतेविदेओहून आल्या होत्या. त्या पुढच्या ओळीत उठून उभ्या राहिल्या आणि शांतपणे बोलल्या. शांत माणसाचं लोक ऐकतात.

"कूड घातली, पैसे गेले, तीन महिने आम्ही काटक्या बघितल्या. आणि पाणी आलं ते कुठून? समोरूनच. माझा जिना गेला, मास्तरांची विहीर गेली. कूड नव्हती तेव्हा ऑगस्टात मास्तरांच्या घरात पाणी नव्हतं आलं. कूड घातल्यावर आलं. मला एवढंच म्हणायचंय, हे थांबवा. दगडी भिंत बांधा, आम्ही पहिल्या ओळीतले हातभार लावू."

"बरोबर आहे," मागून भट्टीवाला म्हणाला. आणखी दोघातिघांनी माना हलवल्या.

"आणि काम कुणाला दिलं तेही बघा," बाई पुढे म्हणाल्या. "तीस वर्षं जो माणूस टेकाडाची वाळू गाडीने वाहून नेत होता, त्यालाच टेकाड राखायला ठेवलंय."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. निबियाने आदेमारकडे पाहिलं. तो टोपी हातात फिरवत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो उठला, गुडघ्यामुळे वेळ लागला.

"खरं आहे," तो म्हणाला. "तुमच्या घराची वाळूसुद्धा मीच आणली, बाई. त्रेचाळीस खेपा. डॉक्टर मोजायला उभे असायचे." आणि बसला.

सुल्मा टेबलामागे कागद उलटत होती. निबिया तिला चाळीस वर्षं ओळखत होती. कागद असे उलटले जातात तेव्हा सुल्मा माघार घेते. आता ती म्हणेल, काम तूर्त थांबवू, तज्ज्ञांना विचारू. मग उन्हाळा येईल, लोक फांद्या जाळतील, पुढच्या ऑगस्टात मागची अख्खी गल्ली जाईल.

यानेला दाराशी उभी होती. निबियाने तिच्याकडे पाहिलं. यानेलाला आई काय करणार ते कळलं असावं, कारण तिने मान किंचित हलवली. नाही, अशी.

निबिया उठली.

"कूड पडली नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा आला, तिने खाकरून पुन्हा सांगितलं. "कूड कुठंच पडली नाही. चारशे अठ्ठ्याऐंशी पावलं जागेवर आहेत, सकाळी जाऊन बघा. पाणी आलं ते बारा पावलांतून. तिथं कूडच नव्हती. ती मी सोडली."

"का सोडली?" सुल्माने विचारलं.

"बाईंनी सांगितलं म्हणून. माझी पोरगी त्यांच्या घरी कामाला आहे. काम जाईल म्हणून मी सोडली. मला ठाऊक होतं पाणी येईल. आदेमारने सांगितलं होतं. तरी सोडली." ती मास्तरांकडे वळली. ते तिसऱ्या ओळीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. "मास्तर, तुमची विहीर माझ्यामुळे गेली."

हॉलमध्ये कुणाच्या तरी थर्मासचं झाकण टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बाई आरोसेना काही म्हणायला उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"बस खाली," मास्तर म्हणाले. शाळेत चुकीचं उत्तर दिल्यावर म्हणायचे त्याच स्वरात, ना कडक ना मऊ. मग सुल्माकडे वळून, "आता बारा पावलं बुजवा म्हणजे झालं. भिंतीचं नंतर बोलू."

दारात यानेला नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून चार घरांच्या किल्ल्या परत घेतल्या गेल्या. कुणी भांडलं नाही. माळी एक पाकीट घेऊन आला आणि किल्ल्या घेऊन गेला. यानेलाने आईला काही म्हटलं नाही, आणि मग काहीच म्हटलं नाही. पंधरा दिवसांनी तिला जिल्ह्याच्या गावी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम लागलं. सकाळी सहाची बस. निबिया पाचला उठून तिला डबा करून द्यायची. यानेला तो घ्यायची, मान हलवायची, जायची. संध्याकाळी यायची तेव्हा तिच्या हातांना ब्लीचचा वास असायचा आणि बोटांच्या पेरांत भेगा पडलेल्या असायच्या.

"मलम लाव," निबिया म्हणायची.

यानेला मलम लावायची. दुसऱ्या खोलीत जाऊन.

बारा पावलं बुजवायला नऊ दिवस लागले. वाऱ्याने तिथं खड्डा केला होता. आधी तळाला ओंडके, मग एकापुढे एक दोन कुडी. पालिकेचे गडी सुट्टीच्या तयारीत रस्ते झाडायला गेले होते. आदेमार खेपा आणायचा, निबिया विणायची. मास्तर रोज सकाळी येऊन एका डब्यावर बसायचे आणि तारेचे तुकडे एकसारखे कापून द्यायचे. निबिया त्यांना घरी जायला सांगायची. ते ऐकायचे नाहीत.

"विहिरीला किती वर्षं लागतील, मास्तर?"

"गोडी यायला? दोन-तीन हिवाळे." त्यांनी तारेचा तुकडा दुसऱ्याशी लावून लांबी पाहिली. "मी असलो तर चाखेन."

निबियाला यावर रडू आलं नाही, चीड आली. वाऱ्याची, बाईंची, जिल्ह्याच्या फोनची, स्वतःची, आणि सगळ्यात जास्त या म्हाताऱ्याची, जो तिला दोन शब्द बोलून मोकळा होत नव्हता. तिने पुढचा खुंट इतक्या जोराने ठोकला की तो उभा चिरला. मास्तरांनी दुसरा पुढे केला.

जानेवारीत गाव भरलं. माणसं कुडीवर ओले टॉवेल वाळत घालायची, टेकाडावर छत्र्या रोवायची. निबिया शिट्टी घेऊन फिरायची. "खाली उतरा. हो, तुम्हीच. वाट तिकडे आहे, फळ्यांची. का म्हणजे? तिकडे वाट आहे म्हणून." घसा बसला. वाळू मात्र चढत होती. फेब्रुवारीत पहिली कूड पुरती बुडाली, फक्त खुंटांची टोकं राहिली.

एप्रिलमध्ये सुट्टीचा आठवडा आला. त्या दिवसांत माती ओलसर असते, तेव्हा टेकाडावर गवत लावतात. ज्या गवताची पाती वाऱ्याने फिरून वाळूवर गोल रेघा काढत राहतात, तेच. त्याची मुळं वाळू धरतात. यानेलाला तीन दिवस रजा होती. शुक्रवारी सकाळी ती काही न बोलता आईच्या मागोमाग पुळणीवर आली आणि जुड्यांची टोपली उचलली.

"तुला कुणी बोलावलं?" निबिया म्हणाली.

"कुणी नाही."

दोघी गुडघ्यांवर बसून लावत गेल्या. निबिया पहारीने भोक पाडायची, यानेला काडी सोडायची, तळव्याने दाबायची. तिच्या हातांच्या भेगा भरत आल्या होत्या. तासाभराने ती म्हणाली, "वरिष्ठ नर्स म्हणाली, ऑगस्टात अर्ज भर."

"मग भर."

"भरेन."

निबियाने पुढचं भोक पाडायला पहार उचलली ती क्षणभर तशीच धरली आणि मग पाडलं.

बाई आरोसेनांच्या घरासमोर पोचल्या तेव्हा वर गच्चीत पाहुणे होते, पाच-सहा जण, हातात ग्लास. बाई कठड्याशी उभ्या राहून बोलत होत्या. वाऱ्यावर शब्द स्पष्ट येत होते.

"नोव्हेंबरात इथून पाणी घुसलं होतं. मग आम्ही पहिल्या ओळीतल्या लोकांनी मनावर घेतलं. हे अख्खं टेकाड आम्ही उभं केलंय. फांद्या लावून. आता गवत लावतोय."

यानेलाच्या हातातली जुडी थांबली. ती उठायला लागली. निबियाने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"ऐकलंस ना?" यानेला म्हणाली.

"कान आहेत मला."

"आणि तुला राग येत नाही?"

"येतो." निबियाने गुडघे झटकले आणि उभी राहिली. मग वर तोंड करून, गच्चीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण अजिबात न ओरडता, म्हणाली, "बाई, बरं झालं तुम्ही आहात. गवत लावतोच आहोत, तर या खाली. एक हात कमी पडतोय."

गच्चीत कुणीतरी कौतुकाने हसलं. "जा ना, बेत्तिना," एक बाई म्हणाली. "आम्हाला दाखव कसं लावतात ते."

बाई आरोसेनांनी निबियाकडे पाहिलं. निबियाने नजर काढली नाही. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, ती खरोखर वाट बघत होती, हातात जुडी धरून. बाईंनी ग्लास कठड्यावर ठेवला आणि नव्या फळ्यांच्या वाटेने सावकाश खाली आल्या. पांढऱ्या विजारीसकट गुडघ्यांवर बसल्या. यानेलाकडे त्यांनी पाहिलं नाही. यानेलाने सरकून जागा दिली.

"किती खोल?" त्यांनी विचारलं.

"कोपरापर्यंत हात जाईल एवढं. आता सोडा. दाबा. जोरात, बाई, गवताला काही दुखत नाही."

बाईंनी तीन काड्या लावल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी हात भोकातून लगेच काढला नाही. खालची वाळू गार असते. मग गच्चीतून कुणी टाळ्या वाजवल्या, त्या उठल्या, हात झटकत वर गेल्या.

तिन्ही काड्या वाकड्या लागल्या होत्या, एक तर जवळजवळ आडवी. यानेला चरफडत वाकली आणि पहिली उपटायला हात घातला.

"राहू दे," निबिया म्हणाली.

"आई, या जगायच्या नाहीत."

"आजूबाजूला आपल्या लाव, दाट. त्या तिन्ही राहू दे तशाच." तिने पहार उचलली आणि पुढची जागा पाहिली. "तिने लावल्यात. उद्या बघायला येईल."